सहस्रचंद्राचा केक : प्रकल्प नोंदी

२० मार्च
१२ मेला नानांचं सहस्रचंद्रदर्शन. हॉल वगैरे नाही, घरीच, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या दिवाणखान्यात. सकाळी होम, संध्याकाळी ८१ दिव्यांचं औक्षण, मग खाणंपिणं. माणसं चाळीसच्या आसपास. केक मी करते, असं काल जेवताना मी बोलून बसले. लेक म्हणाली, "तुला येतो?" साधा येतो. पण वर काही काढायचं म्हटलं की संपलं. रांगोळीतसुद्धा माझा हात चार ठिपक्यांच्या पुढे जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आईंची रांगोळी मात्र गल्लीत बघायला येतात.

अटी लिहून ठेवते. अंडं नाही. जिलेटिन नाही (पुण्याच्या आत्याबाई प्रत्येक पुडक्यावरचं बारीक अक्षर वाचतात). मे महिना, म्हणजे बडोद्यात ४२-४३ अंश. घरात एसी एकच, तोही नानांच्या खोलीत. फ्रिज जुना, मधली जाळी काढली तरच उंच काही मावेल.

नाना गणिताचे मास्तर होते. त्यांनी लगेच पाठकोऱ्या कागदावर मांडून दिलं : चांद्रमास २९.५३ दिवसांचा, गुणिले हजार, म्हणजे २९,५३० दिवस. ८० वर्षं नि वर दहा महिने. "पावसाळ्यात ढगांमुळे दिसले नाहीत ते धरायचे का, ते भटजींना विचार."

२४ मार्च
सामान आणलं. टर्नटेबल (प्लॅस्टिकचं, जरा डुगडुगतं), वाकडा पॅलेट नाईफ, स्क्रॅपर, पायपिंग बॅगा, चार नोझल : मोठी चांदणी, छोटी चांदणी, पाकळी, आणि लिहायचं गोल. चांदणीचं नोझल घरी आल्यावर आईंनी हातात घेऊन उजेडात धरलं. "ही तर सोऱ्याची चकती." खरंच आहे. चकलीला जे काटे येतात तेच क्रीमला येतात, फक्त चकली तळून कडक होते आणि क्रीम तशीच उभी राहायला हवी.

क्रीम घेताना दुकानदार म्हणाला, "बेन, उनाळामां आ ओगळी जशे." वितळून जाईल म्हणे. मी हसून सोडून दिलं.

२६ मार्च
स्पंज. एक वाटी दही, अर्धा चमचा सोडा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, दीड वाटी मैदा, व्हॅनिला. १८० अंशांवर ३८ मिनिटं. चव चांगली. गरम असतानाच आडवा कापायला घेतला आणि तीन तुकडे झाले. अंडं नसलं की स्पंज भुसभुशीत होतो, बांधून ठेवणारं काही आत नसतं. तुकडे लेकीने दुधात बुडवून संपवले.

पुढच्या वेळी : गार झाल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी करवतीच्या धारेच्या सुरीने कापायचा.

३१ मार्च
रविवार. पहिली क्रीम, पहिली फजिती.

कपाटात नेहमीचं २५ टक्के फॅटचं डब्यातलं क्रीम होतं, त्यावर आधी हात साफ करून घ्यावा म्हटलं. बारा मिनिटं बीटर फिरवला. घट्ट ताकासारखं झालं, त्यापुढे हलेना. नंतर कळलं की फेटून उभं राहायला तिशीच्या वर फॅट लागतं. मग आणलेलं व्हिपिंग क्रीम काढलं (वनस्पती फॅटचं, गोठवलेलं मिळतं ते). ते मी सकाळपासून ओट्यावर वितळायला ठेवलं होतं. स्वयंपाकघरात ११ वाजता ३४ अंश. फेटल्यावर आधी जरा फुललं, मग वाढायचं थांबलं, आणि मी "अजून थोडं" म्हणत फिरवत राहिले तेव्हा रवाळ झालं, कडेने पाणी सुटलं. केकवर लावल्यावर त्यात स्पंजचे कण मिसळले. दिसायला थेट पोपडे आलेली भिंत.

व्हिडिओत बाई दोन मिनिटांत करते. तिच्या मागे भिंतीवर एसी होता, तो मी आज दुसऱ्यांदा बघताना पाहिला.

५ एप्रिल
पुन्हा क्रीम. या वेळी रीतसर : आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. क्रीममध्ये बर्फाचे बारीक कण असतानाच सुरुवात. आधी हळू, मग मध्यम. सगळं नानांच्या खोलीत, एसी २२ वर. नाना पेपर आडवा धरून वाचत होते, बीटरच्या आवाजाने त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

चार मिनिटांत तिप्पट फुललं. पातं उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबायचं. वाकलंच नाही तर उशीर झाला. एवढंच गेल्या रविवारी चुकलं होतं आणि मी हाताला दोष देत बसले होते.

पहिला थर पातळ लावायचा, कण अडकवायला. मग केक अर्धा तास फ्रिजमध्ये. मग दुसरा. दोन थरांमधली ही थांबण्याची गोष्ट मी मागे खाल्ली होती. आज कडा सरळ नाही, पण क्रीम पांढरं राहिलं.

९ एप्रिल, पाडवा
आजचा सराव सणात बसवला. तीन किलो दह्याचा चक्का टांगला होता. नोझलवर हात बसायला दर वेळी क्रीम फुकट घालवणं आईंना बघवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "चक्क्यावर काढ की. नंतर साखर घालून पानात वाढू."

चक्का नीट निथळलेला असला आणि गार असला तर चांदणीतून काय सुरेख पडतो! उपडं ताट घेऊन त्यावर ओळीने फुलं काढली, उलथन्याने खरवडून परत पिशवीत भरली. असं सहा-सात वेळा. साखर घातलेल्या श्रीखंडावरही करून पाहिलं, ते वीस मिनिटांत पाझरलं, साखर पाणी ओढून घेते. पण बिनसाखरेचा चक्का तासभर तग धरतो.

आज कळलेलं : पिशवी निम्मीच भरायची. पिळायचं वरच्या हाताने, खालच्या हाताने फक्त दिशा. फूल काढताना नोझल ताटावर सरळ उभं, ९० अंशांत. आणि मुख्य म्हणजे आधी दाब सोडायचा, मग उचलायचं. मी दाब ठेवूनच उचलत होते, म्हणून प्रत्येक फुलाला शेंडी येत होती. आई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, रांगोळीची रेघ संपवतानाही चिमूट आधी बंद करायची, मग हात उचलायचा. हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतही सांगितलं असणार. तेव्हा मी ऐकलं नसणार.

दुपारी श्रीखंड-पुरी. ताटातल्या श्रीखंडावर चांदण्या नव्हत्या, हे लेकीला खटकलं.

१४ एप्रिल
सुती रेघ. गोल नोझल पृष्ठभागाला टेकवायचंच नाही. टेकवून सुरू करायचं, बोटभर वर उचलायचं, क्रीमचा दोरा हवेत लोंबू द्यायचा आणि जिथे हवा तिथे अलगद ठेवायचा. टेकवून ओढलं की रेघ चपटी आणि थरथरती येते. "नाना" हा शब्द ३१ वेळा लिहिला. काना सोपा. "न" चा गाठीजवळचा भाग अजून जाडा येतो.

गुलाब सोडून दिला. पाकळीचं नोझल, खिळा, बटर पेपरचे चौकोन, सगळं केलं. जे झालं त्याला नवऱ्याने "कोबी" म्हटलं. वाद घातला नाही.

२० एप्रिल
रात्रीचं आकाश करायचं आणि त्यावर चंद्र, असं डोक्यात. म्हणून निळा रंग. द्रव रंगाने क्रीम सैल होतं, जेल रंग घ्यायचा, हे वाचलं होतं. जेल घातला. आकाशी झालं. आणखी घातला. शाळेच्या युनिफॉर्मचं निळं. गडद काही होईना, तेव्हा आणखी. मग तसंच ठेवून सेव उसळ खायला बाहेर गेलो. परत आलो तर रंग आपोआप दोन छटा गडद झाला होता. जेल रंग मुरतो. थांबायला हवं होतं, घालायला नको होता.

चव कडू. लेकीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी चाखलं, तिघींचे दात, जीभ, ओठ निळे. दुसऱ्या दिवशीही थोडे निळेच. चाळीस पाहुणे, त्यात आत्याबाई, सगळ्यांचे निळे दात डोळ्यांपुढे आले. निळं रद्द.

मग आकाश कशाचं? रात्री भांडी घासताना सुचलं. काळं आकाश घरात आहे. डार्क चॉकलेट.

२५ एप्रिल
गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट. बाहेरून क्रीम लावायचीच नाही असं ठरवल्यावर निम्मी चिंता मिटली. खऱ्या लोण्याचा बटरक्रीम हा पर्याय पहिल्याच आठवड्यात खोडला होता, लोणी ३२-३५ अंशांत वितळतं आणि आमचा दिवाणखाना दुपारी ३७ असतो.

वर ओतायला पातळ गनाश हवं असेल तर चॉकलेट नि क्रीम समान. थापून कडक करायचं असेल तर दोनास एक. आपल्या उन्हाळ्यात तीनास एक. मी डार्क कंपाउंड घेतलं. त्यात कोकोबटरऐवजी वनस्पती फॅट असतं, चवीला थोडं कमी, पण टेम्परिंगची (चॉकलेट मोजून तापवायची नि गार करायची) भानगड नाही आणि उष्णतेत जास्त टिकतं. ९०० ग्रॅम कंपाउंड बारीक चिरून, ३०० ग्रॅम क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून वर ओतायचं, तीन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधोमधून गोल ढवळायचं. आणि इथे ते २५ टक्क्यांचं, फेटून न फुलणारं क्रीम अगदी चालतं! ३१ मार्चचे उरलेले डबे कामी आले.

एकदा फुटलं, तेल वर आलं. चमचाभर कोमट दूध घालून ढवळलं, जुळून आलं. रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी मळलेल्या कणकेइतकं मऊ. स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवायचा, पुसायचा (पुसायचाच, पाण्याचा थेंब राहिला की पांढरट डाग) आणि एका दमात टर्नटेबल फिरवायचं. हात हलवायचा नाही, केक फिरवायचा. तीन फेऱ्यांत कडा अशी आली की मीच दोनदा बोट लावून बघितलं आणि दोन खळ्या पाडल्या.

२८ एप्रिल
पूर्ण तालीम, ८ इंची. आत आंब्याचं व्हिप क्रीम, बाहेर गनाश. तासाभरात केकचं पोट सुटलं. मधला थर मऊ, वरचं वजन जास्त, क्रीम बाहेर रेटली गेली आणि गनाशला कमरेभोवती भेग.

उपाय : प्रत्येक थराच्या कडेने गनाशचा जाड दोरा नोझलने काढून बांध घालायचा, आत आंबा-क्रीम पातळच. भरून झाल्यावर वर ताट ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये बसू द्यायचा, बाहेरचा लेप दुसऱ्या दिवशी.

हिशोब : माणशी १०० ग्रॅम धरलं तर चाळीस जणांना चार किलो. चार किलोचा सजवलेला केक माझ्या आवाक्यातला नाही. मधोमध १० इंची दोन किलोचा, आणि स्वयंपाकघरात दोन किलोचे चौकोनी बिनसजावटीचे, ते आतूनच कापून यायचे. नाना म्हणाले, ८ वरून १० ला गेलीस तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, "सव्वापट मिश्रण घेशील आणि पापड होईल." मी सव्वापटच घेणार होते.

२ मे
चंद्र. कडेने प्रतिपदेपासून चतुर्दशीपर्यंत चौदा कला, वर मधोमध पौर्णिमा.

फॉन्डंट (कणकेसारखा मळता येणारा साखरेचा गोळा) हिरव्या ठिपक्याचा बघून घेतला. पाव किलोला एक चमचा सीएमसी पावडर (खायच्या डिंकासारखी असते ती) मळली, म्हणजे वाळून कडक होतो. तळहाताला तुपाचा हात. उघडा ठेवला की पाच मिनिटांत कडेला चिरा पडतात, म्हणून लागेल तेवढाच काढायचा, बाकी पिशवीत. चंद्रकोरी कापायला सोपं : औषधाच्या बाटलीचं झाकण एकदा दाबायचं, जरा सरकवून पुन्हा दाबायचं. अष्टमीही सोपी. पण दशमी-द्वादशी झाकणाने जमेना, चावलेल्या बिस्किटासारखी दिसायला लागली. नानांनी कंपासपेटी मागवली. उजेडाची आतली कड वर्तुळाची नसते, लंबवर्तुळाची असते म्हणाले, आणि पोस्टकार्डावर चौदा साचे काढून कापून दिले. हे करायला त्यांना पूर्ण दुपार लागली. एसी चालू, पंखा बंद, कागद उडू नयेत म्हणून.

प्रत्येकी दोन कापले. एक मोडला तर.

३ मे
सकाळी ताट उन्हापासून लांब ठेवलं होतं. नानांनी चष्मा लावून पाहिलं.

"हा कृष्णपक्ष आहे."

मी बघत राहिले. शुक्ल पक्षात आपल्याकडून उजवी बाजू उजळते. संध्याकाळी पश्चिमेला बीजेची कोर दिसते तिची पाठ मावळलेल्या सूर्याकडे असते. माझ्या सगळ्या कोरींची पाठ डावीकडे. नानांचे साचे बरोबर होते, मी ते उलटे ठेवून कापले होते. लेकीने ताटच उचलून अर्धं फिरवलं. "आता?" "आता पाठ बरोबर आहे, पण तिथी उजवीकडून डावीकडे चालल्यात." बरोबर. शेवटी एकेक चंद्र चिमट्याने उचलून जागच्या जागी फिरवला. तृतीयेची एक कोर मोडली. सहस्रचंद्रदर्शनाला चंद्र मावळतीकडे निघाले असते.

८ मे
वर्ख आणला, मांडवीकडे मिठाईचं सामान मिळतं तिथून. आत्याबाईंसाठी वेष्टन वाचून घेतलं. प्राण्यांच्या कातड्यात कुटलेला त्यांना चालणार नाही. पौर्णिमेला चांदी लावायची ही कल्पना आईंची. मला खाण्याचा चंदेरी रंग फासायचा होता. त्या म्हणाल्या, काजूकतलीला लावतात तो लाव की, खरा तरी असेल.

वर्खाला बोट लावायचं नाही, बोटालाच चिकटतो. पंखा बंद, तोंड बंद. फॉन्डंटच्या गोलावर ओल्या ब्रशचा एक हात, वरून कागदासकट वर्ख उपडा, कागदावरून कापसाने दाबायचं, कागद सोडवायचा. पहिला चुरगळला. दुसरा बसला, एका कोपऱ्यात फाटून. तो डाग तसाच ठेवला, चंद्रालाही असतात.

१० मे
स्पंज भाजले. दीडपटीहून जरा जास्त मिश्रण. गुंडाळून फ्रिजमध्ये. फ्रिजची मधली जाळी काढली, भाज्या शेजारच्या काकींकडे.

११ मे
सकाळी थर, साखरेचं पाणी, बांध, आंबा-क्रीम (केसर), ताट वर. संध्याकाळी सात ते साडेनऊ लेप, नानांच्या खोलीत, २२ अंश. दुपारी दीड तास वीज गेली होती, फ्रिज उघडू नका म्हणून दारावर चिकटपट्टी लावली होती. आत्याबाईंना पाणी हवं होतं. माठातलं दिलं.

रात्री कडेने चौदा चंद्र, चिकटवायला गनाशचाच ठिपका. प्रतिपदेची कोर जागेवर बसेपर्यंत दोनदा तपासली. पाठ उजवीकडे. खाली चांदणीच्या नोझलने कडा, शेंड्या नाहीत. "नाना" लिहिलं नाही. आकाश मोकळं बरं दिसत होतं.

१२ मे
केक औक्षणाच्या टेबलावर मधोमध ठेवायचा असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पाच वाजता लक्षात आलं : ८१ कणकेचे दिवे, तुपाचे, आणि दिवे विझू नयेत म्हणून पंखे बंद. दारं-खिडक्या लोटलेल्या. चाळीस माणसं. मी नवऱ्याला म्हटलं, केक बाहेर येणार नाही. आत्याबाईंनी भुवया उचलल्या. नानाच म्हणाले, "आधी दिवे होऊ दे. चंद्र नंतर उगवू दे."

औक्षण संपलं, दिवे मागल्या ओट्यावर नेले, पंखे लावले, मग केक आणला. फ्रिजमधून बाहेर येताच गनाशवर दव धरलं, बारीक, एकसारखं. फॉन्डंटचे चंद्र ओलसर चमकायला लागले. हे नियोजनात नव्हतं आणि मी फडकं घेऊन धावणार होते, पण आईंनी हात धरला. पाच-सात मिनिटं तरी अगदी रात्र पडल्यासारखं दिसत होतं. मग चतुर्दशी हळूच अर्धा इंच खाली घसरली. नानांनी तिच्याशेजारीच सुरी लावली.

आत्याबाईंनी दोन तुकडे घेतले आणि गोड कमी आहे म्हणाल्या.

१४ मे
नोझल गरम पाण्यात भिजवून ब्रशने साफ केली. चांदणीचं मोठं नोझल सापडेना; आईंच्या सोऱ्याच्या डब्यात निघालं. सीएमसी पावडर बरीच उरली. टर्नटेबलची डुगडुग खालच्या पायाला पुठ्ठा लावून गेली, हे ५० दिवस आधी सुचायला हवं होतं.

जादा कापलेल्या चंद्रांपैकी बीजेची एक कोर नानांनी मागून घेतली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. आज सकाळी डबी उघडली तर आत मुंग्या. त्यांनी मुंग्या झटकल्या, कोर परत ठेवली, आणि चष्मा आता खिडकीत असतो.